उचललेला पाय

एप्रिलच्या उन्हात पिंपळगाव बसवंतला रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. अशा उन्हात पुंजा कानटोपी घालून हिंडायचा. अंगात रजईसारखं जाडजूड जाकीट आणि पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. नवीन आलेली पोरं त्याला बघून खिदळायची. मग मी त्यातल्याच एखाद्याच्या हातात द्राक्षांची पेटी देऊन त्याला कोल्ड स्टोरेजच्या आत पाठवायची. तो दात वाजवत बाहेर आला की पुन्हा पुंजाला हसत नसे.

मी प्रतिभा. हायवेला लागून द्राक्षांचं जे पॅकहाउस आहे, तिथली सुपरवायझर. नावाला सुपरवायझर, कामाला मुकादमीण. बायांची रांग सांभाळायची, कात्रीने खराब मणी नीट काढतात की नाही ते बघायचं, आणि दारात कंटेनर उभा असला की सगळ्यांच्या नावाने शिमगा करायचा. माझ्या तोंडाला लोक घाबरतात. घाबरलेच पाहिजेत, नाहीतर माल दारातच सडेल.

पुंजा मात्र घाबरायचा नाही. उलटही बोलायचा नाही. मी ओरडत असताना तो शांत उभा राहायचा आणि माझं संपलं की पेटी उचलून आत जायचा. त्याच्यावर ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो पेठच्या पलीकडच्या उंबरपाड्याचा. भात आणि नागली घरात आली की बायकोला, तानुबाईला, घेऊन डोंगर उतरायचा आणि हंगामभर आमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. तानुबाई कात्रीच्या रांगेत आणि हा थंडीत. कितीतरी वर्षं असंच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या लेखी तो एक जाकीट होता.

पण हंगामाच्या शेवटी, ऐन घाईत, हे जाकीट एक दिवस समोर येऊन म्हणायचं, "ताई, आता आमी जाणार. बोहाडा आला." मग माल पडून असो नाहीतर आभाळ भरून आलेलं असो, तो थांबायचा नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "पुंजाभाऊ, तुमचा देव माझ्या कंटेनरपेक्षा मोठा का हो?"

"देव नाय, ताई," तो म्हणाला. "राक्षस. मी राक्षस हाय."

हे त्याने इतकं सहज सांगितलं की मी कंटेनरच विसरले. असं सहसा होत नाही.

चहाच्या सुट्टीत मी त्याला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. त्यांच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा असतो. लाकडाचे मुखवटे असतात, त्यांना ते सोंग म्हणतात. संबळ वाजायला लागला की एकेक सोंग पाड्यातून नाचत निघतं. आधी गणपती, मग रावण, वेताळ, त्राटिका अशी सगळी मंडळी. शेवटच्या दिवशी उजाडताना देवी निघते आणि तिच्यासमोर म्हसासूर येतो. म्हणजे आपला महिषासुर. दोघं झुंजतात, देवीची तलवार त्याच्या मानेला लागते, तो पडतो आणि बोहाडा संपतो. उंबरपाड्यात कोणतं सोंग कुणाच्या घराने नाचवायचं ते ठरलेलं आहे. म्हसासूर पुंजाच्या घराचा. आजा नाचला, बाप नाचला आणि आता पुंजा.

"म्हसासूर पडला की मग मानसं शेताला लागतात," तो म्हणाला. "तोवर नाय."

आमच्याकडे भिंतीकडे तोंड करून जेवणाऱ्या या माणसासाठी तिथे अख्खा पाडा श्वास रोखून उभा राहतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं, "दिसतो कसा हो तुमचा म्हसासूर?"

"मला काय ठाऊक?" पुंजा म्हणाला. "सोंगाचं डोळं बारीक. आतून जमीन दिसती आन देवीचं पाय. बाकी काय नाय. मी कवा बघितलाच नाय."

"आणि तुमचे वडील नाचायचे तेव्हा?"

"तवा मी मागं सोंगाचा दोर धरून चालायचो. पाठ दिसायची."

आजकाल मेल्या माणसाचासुद्धा व्हिडिओ निघतो, पण उंबरपाड्याच्या भगताने, म्हणजे पाड्याच्या पुजाऱ्याने, देवी निघाली की मोबाइल वर करायला बंदी घातलेली. बाकीच्या सोंगांचे व्हिडिओ पोरं काढायची, या झुंजीचा कुणी काढायचा नाही. मग पुंजाला उरली एकच साक्षीदार. ती रांगेत बसून द्राक्षाचे मणी काढत होती. त्याने तिला माझ्यादेखत विचारलं, "सांग की गं ताईंना, मी कसा दिसतो?"

तानुबाईने कात्री न थांबवता सांगितलं, "म्हसासुरावानी. आनखी कसा दिसनार?"

अख्खी रांग हसली. पुंजा हसला नाही. पेटी उचलून तो आत निघून गेला, आणि हा प्रश्न त्याने तिला याआधीही पुष्कळदा विचारला असणार हे मी ओळखलं.

दिनेश हा पुंजाच्या बहिणीचा मुलगा. आश्रमशाळेत शिकला, नाशिकला जाऊन फोटोग्राफी शिकला आणि लग्नाचे फोटो काढून पोट भरू लागला. गंगापूर धरणाच्या काठी नवरीच्या मागे धूर सोडायचा आणि नवऱ्याला गॉगल लावून पळायला सांगायचं, असलं काम. पण त्याच्या डोक्यात वेगळेच फोटो होते. एकदा मामाला भेटायला आला तेव्हा त्याने मोबाइलवर मला दाखवले. सीबीएस स्टँडवर बसच्या रांगेत रावण उभा होता, हातात पिशवी, आणि त्याच्या दहा तोंडांना धक्का लागू नये म्हणून पुढचा म्हातारा अंग चोरून उभा होता. कॉलेज रोडच्या एका बंगल्यात त्राटिका भांडी घासत होती. अंबडच्या कारखान्यात वेताळ हेल्मेट घालून यंत्रापाशी बसला होता आणि शेजारचा कामगार त्याच्याकडे न बघता डबा खात होता.

"अरे, हे काय खरंच घडलं का?" मी विचारलं.

"नाही ताई, मी रचलंय. जागा खरी, माणसं खरी, काम खरं. तोंड तेवढं सोंगाचं."

"आणि कशासाठी हा उपद्व्याप?"

त्याने मोबाइल माझ्या हातातून घेतला. मग म्हणाला, "आमची माणसं डोंगर उतरून येतात ना, तेव्हा त्यांना कुणी बघत नाही. भांडी दिसतात, पेट्या दिसतात, माणूस दिसत नाही. म्हटलं, देव आणि राक्षस म्हणून तरी लोक थांबून बघतील."

मला जाकीट आठवलं.

दिनेशची अडचण वेगळीच होती. हे सगळे मुखवटे त्याने स्वतः कागदाच्या लगद्याचे बनवलेले, आणि नाशिकच्या जाणकारांनी ते लगेच ओळखले. कल्पना छान आहे म्हणाले, पण सोंग खोटं वाटतं. आता त्याचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्याला एक तरी खरं सोंग हवं होतं. खरं सोंग मामाच्या घरी होतं, कणगीच्या वर फडक्यात बांधून टांगलेलं.

पत्र्याच्या खोलीबाहेर झालेलं ते बोलणं मी ऐकलं, कारण मी तिथेच हिशेबासाठी पेट्या मोजत होते. मामाने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मला दिसंल का रं?"

"दिसेल, मामा. पहिल्यांदा तुम्हाला दिसेल."

तानुबाई चुलीपाशी होती. ती उठून बाहेर आली. "सोंग शीव वलांडत नसतं," ती म्हणाली. "भगताला इचारलं का?"

"इचारलं तर नाय म्हनंल," पुंजा म्हणाला.

"म्हंजी तुमाला ठाऊक हाय."

पुंजाने मग त्याचा विचार सांगितला, आणि तो सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. सोंग म्हणजे काय, तर लाकूड. त्यात म्हसासूर कधी येतो? संबळ वाजला आणि पाय उचलला, की येतो. संबळ नाही, नाच नाही, तर नुसतं लाकूड. लाकूड कुठेही नेता येतं. "मी हालनार नाय," तो म्हणाला. "पेटी धरून उभा ऱ्हानार. लाकडाचा फोटू निघंल, बास."

त्यात मला तरी चूक दिसली नाही. तानुबाईला काय दिसलं कोण जाणे. ती आत गेली आणि त्यानंतर बरेच दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

पुंजा पेठच्या गाडीने जाऊन सोंग घेऊन आला, परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या आमच्याच खोक्यात. निघण्याआधी त्याने सोंगासमोर नारळ फोडला होता. पॅकहाउसच्या शेठनी परवानगी दिली होतीच, त्यांना फोटोची हौस. रविवारी दुपारी कोल्ड स्टोरेजच्या खोलीत बायांची रांग लावली. पांढऱ्या टोप्या, पांढरे एप्रन, माना खाली, हातात कात्री. दिनेशने सांगितलं, "काहीही झालं तरी वर बघायचं नाही. तुमच्यासाठी रोजचंच आहे हे." तानुबाई फोटोत बसायला तयार झाली नाही. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

पुंजाने खोक्यातून सोंग काढलं तेव्हा बायांचं खुसखुसणं थांबलं. काळं, जुनं, तेलाने चकाकणारं तोंड होतं आणि दोन्ही बाजूंना पसरलेली शिंगं. त्याने डोक्याला फडकं गुंडाळलं, सोंग चढवलं, दोर आवळला. खाली तेच जाकीट आणि तेच गमबूट. हातात हिरव्यागार द्राक्षांची पेटी. दिनेश म्हणाला, "बस मामा, असंच," आणि पुंजा खरंच खांबासारखा उभा राहिला.

तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला.

आम्हाला त्याची सवय आहे, दिवसातून कितीदा तरी होतो. आधी एक दणका आणि मग धडधड. पण आत, त्या लाकडाच्या आत डोकं घालून उभ्या असलेल्या माणसाला ती धडधड कशी ऐकू गेली असेल ते मला सांगता येणार नाही. पुंजाच्या खांद्यांना झटका बसला. शिंगं एका बाजूला कलली. आणि त्याचा उजवा पाय, गमबुटासकट, जमिनीपासून उचलला गेला. दारातून तानुबाई हात वर करून ओरडली, "पुरं!" दिनेशने त्याच क्षणी बटण दाबलं.

सोंग उतरवलं तेव्हा त्या गारठ्यात पुंजा घामाने भिजला होता. पहिला प्रश्न त्याने केला तो दिनेशला. "उचलला का मी पाय?"

"थोडासा, मामा. पण फोटोला फार छान आलंय."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिनेशने त्याला दाखवलं. पुंजा खूप वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची आशा माझ्या डोळ्यांदेखत विझली.

"ह्यो तर उभाच हाय," तो म्हणाला. "नाचत नाय."

जन्मभर जे बघायचं होतं, ते फोटोत नव्हतंच. फोटो नाचत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणालाच आधी सुचली नव्हती. त्याने सोंग फडक्यात बांधलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने कणगीवर नेऊन ठेवलं.

होळीनंतर नाशिकला प्रदर्शन लागलं. दिनेशने आम्हाला गाडी केली. फोटो दाराएवढा मोठा केला होता आणि तो चांगला होता, हे मला मान्य करावंच लागेल. पांढरं धुकं, माना खाली घातलेल्या पांढऱ्या टोप्यांची रांग, आणि मधोमध काळा म्हसासूर द्राक्षांची पेटी घेऊन कामाला निघालेला, एक पाय हवेत. कडेला, दारात, हात वर केलेली एक अंधूक बाई. लोक खरंच थांबून बघत होते. दिनेशचं म्हणणं खरं ठरलं होतं.

त्याने अभिमानाने मामाला पुढे केलं. "हेच ते." एका बाईंनी फोटोकडे बघितलं, पुंजाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "अगंबाई, किती साधे दिसतात!" मग त्यांनी त्याला फोटोशेजारी उभं केलं. मोबाइल डोळ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "काका, थोडं बाजूला व्हा, शिंग कापलं जातंय." पुंजा बाजूला झाला. अजून थोडं म्हणाल्या, अजून थोडा झाला. शेवटी फोटोत शिंग पूर्ण आलं आणि पुंजाचा खांदा तेवढा आला असावा. मला त्या बाईंचा इतका राग आला की माझ्या जिभेवर सगळा शिमगा आला होता, पण दिनेशच्या तोंडाकडे बघून गिळला.

दोन दिवसांनी पेपरात तो फोटो छापून आला. खाली उंबरपाड्याचं नाव. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पेपर उंबरपाड्यात जात नाही, पण फोटो जातो. त्याच आठवड्यात अवकाळी आला. आमच्याकडे गारांनी द्राक्षं झोडपली आणि तिकडे डोंगरात वीज पडून एकाचा बैल गेला.

पुंजाला निरोप आला. नवरा-बायको गेले आणि परत आले ते अंत्ययात्रेहून आल्यासारखे. पुंजा थेट जाकीट घालून थंडीत गेला. तानुबाईने रांगेत बसून, कात्री चालवत, मला सांगितलं.

"समदे बसले व्हते. फोटू ह्याच्या हातातून त्याच्या हातात. बोटांनी मोठा करून बघितला. तोंड कुणीच नाय बघितलं, ताई. पाय बघितला."

"मग?"

"भगत म्हनला, उभा आसता तर लाकूड व्हतं. ह्यो नाचलाय. म्हसासूर उठला आन म्होरं देवी नव्हती. त्याला कुनी मारलाच नाय. तो ऱ्हायला तिकडं, मोकळा."

"अगं, कॉम्प्रेसरचा आवाज तो! खुळचटपणा आहे सगळा."

तानुबाईने पहिल्यांदाच कात्री थांबवली. "पाय कुनी उचलला, ताई? कॉम्प्रेसरनं?"

पुढचंही तिनेच सांगितलं.

पुंजाने तिथे हात जोडून विनवलं होतं. यंदा मीच नाचतो, देवीच्या हातून पडतो, म्हणजे फिटलं. भगत म्हणाला, उठला तिकडं आणि पडणार इकडं, असं होत नाही. जिथं उठला तिथंच पडायला हवा, आणि देवी काही शीव ओलांडून पिंपळगावला येणार नाही. म्हणजे वाटच बंद. सोंग पुंजाच्या घरातून काढून त्याच्या चुलतभावाकडे, बुधाकडे, देण्यात आलं. आजापासूनचा मान एका फोटोने गेला.

सगळे उठत असताना अक्काबाई नावाची एक म्हातारी बोलली. देवीचं सोंग तिच्या घराचं, आता तिचा मुलगा नाचवतो. ती म्हणाली, "देवीच्या मनात आलं तर ती कुनालाबी मारंल. तिला कोन आडवनार?" एवढंच. पण पुंजाने तेवढंच धरून ठेवलं. अक्काबाईच्या मुलाची तलवार त्याने वर्षानुवर्षं मानेवर झेलली होती. ती एकदा, सोंगाशिवाय का होईना, मानेला लागली की आपण सुटलो, असं त्याच्या मनाने घेतलं.

"ताई, यंदा तुमी या बोहाड्याला," तो मला म्हणाला. "यंदा मीबी बघनार हाय."

दिनेशला यायची हिंमत झाली नाही. मी गेले. उजाडायच्या सुमाराला उंबरपाड्यात पोचले, तेव्हा रिंगणाभोवती माणसं दाटीने उभी होती आणि टेंभे विझत आले होते. पुंजा पुढच्या रांगेत, धुतलेला सदरा घालून, अनवाणी. शेजारी तानुबाई. मी त्यांच्या मागे उभी राहिले.

देवी निघाली. मग दुसऱ्या बाजूने संबळाच्या ठेक्यावर म्हसासूर आला, आणि पॅकहाउसमध्ये गमबुटावर बघितलेलं ते काळं तोंड इथे वेगळंच होतं. शिंगं हवा कापत होती. पोरं आयांच्या मागे लपत होती. बुधा जीव तोडून नाचत होता. पण मी थोडा वेळच त्याच्याकडे बघितलं, कारण पुंजाकडे बघण्यासारखं जास्त होतं. तोंड उघडं, डोळे लहान मुलासारखे मोठे. त्याचे ओठ हलत होते, पुढचं पाऊल कुठे पडणार ते बुधाच्या आधी पुटपुटत होते. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं. इतकं सुख आणि इतकं दुःख एका चेहऱ्यावर मी कधी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची इच्छाही नाही.

तलवार लागली, म्हसासूर कोसळला. लोकांनी आरोळी दिली. सोंगाला चौघांनी उचलून बाजूला नेलं. देवी माघारी वळणार, एवढ्यात पुंजा रिंगणात गेला.

कुणी अडवायच्या आत तो देवीसमोर गुडघ्यांवर बसला. मान एका बाजूला वळवून धरली, बरोब्बर तशी, जशी तलवार टेकवायला सोपी जाते. इतक्या वर्षांची सवय होती ती. संबळवाल्याचे हात अडखळले आणि थांबले. देवीचं सोंग बोलत नाही. ते नुसतं उभं राहिलं, आणि मग त्याचा तलवारीचा हात हळूहळू वर आला. अक्काबाई पुटपुटली, "मार गं माये."  मी, जी या सगळ्याला खुळचटपणा म्हणत होते, मीसुद्धा मनात म्हटलं, लाव बाई एकदाची.

"सोंग कुठं हाय?" भगत मागून म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, उलट दमलेला होता. "त्याच्या तोंडाला सोंग नाय. मारायचं कुनाला?"

वर गेलेला हात तसाच थोडा वेळ राहिला. मग खाली आला, देवीच्या कुशीला टेकला. देवी पुंजाला वळसा घालून निघून गेली, आणि तिच्या मागे माणसं गेली, कारण म्हसासूर पडला होता आणि सगळ्यांना शेताला लागायचं होतं. रिंगणात पुंजा मान वाकडी करून बसलेलाच होता. तानुबाई गेली, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवलं. सोंग उतरवल्यावर अक्काबाईचा मुलगा विहिरीपाशी बसून रडला, असं नंतर कुणीतरी म्हणालं. रडला असेल, पण हात त्याने खालीच घेतला होता.

त्यांच्या घरी आम्ही कोरा चहा घेतला. कणगीच्या वरचा खिळा रिकामा होता आणि भिंतीवर शिंगांच्या जागी तेलाचे दोन डाग होते.  मग पुंजा म्हणाला, "लय मोठा दिसतो गं. मला वाटलं नव्हतं एवढा मोठा आसंल." आणि जरा वेळाने, कप खाली ठेवून, "मी आसाच नाचायचो का?"

मी तानुबाईकडे बघितलं. मला वाटलं, ती नेहमीचंच उत्तर देईल.

"ह्याच्यापरीस चांगला," तानुबाई म्हणाली. "लय चांगला नाचायचा तुमी."

पुंजाने मान डोलावली आणि तो उठून बाहेर गेला. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते त्याला मिळालं, पण अशा वेळी, की त्याचा काही उपयोग नव्हता.

दिनेशला त्या फोटोने नाव मिळालं. तो मुंबईला गेला. मामाला फोन करतो, मामा घेत नाही, मामी घेते. तो वाईट मुलगा नाही, पण मला अजून त्याचा राग येतो आणि राग कुणावर तरी काढायला हवाच. शेठनी फोटोची एक प्रत ऑफिसच्या दाराशी लावली आहे. परदेशी पाहुणे तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. पुंजा तिकडून जात नाही, मागच्या दाराने येतो.

या हंगामालाही तो आला. मी म्हटलं, "पुंजाभाऊ, यंदा बाहेरचं काम घ्या, वजनकाट्यावर बसा." तो नको म्हणाला. आत, थंडीत, कुणीतरी थांबलं पाहिजे, म्हणाला. जो आत मोकळा राहिला आहे तो एकटा राहू नये, असं त्याला म्हणायचं असावं. 

त्याची कानटोपी बघून नवीन पोरं अजून हसतात. मी आता कुणाच्या हातात पेटी देऊन आत पाठवत नाही. आतलं त्यांनी बघू नये असं मला वाटतं. कॉम्प्रेसरचा दणका झाला की पुंजा हातातली पेटी खाली ठेवतो, आणि धडधड थांबेपर्यंत एका गमबुटाने दुसरा गमबूट दाबून धरून उभा राहतो.